वैरागडे सरांचा बडग्या

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नागपुरात मारबतीचे, म्हणजे दुष्ट बाईचे, मोठे पुतळे निघतात आणि त्यांच्यामागे बडगे. वर्षभरात ज्याचा राग आला, त्याचा कागद-बांबूचा पुतळा करायचा, मिरवायचा, शेवटी जाळायचा. या वर्षीचा बडग्या शामलानं गल्लीतल्या मंडळाकडून बनवायला मागून घेतला.

"कोनाचा करता मॅडम?" मंडळाच्या सौरवनं विचारलं.

"महासत्तेचा."

चेहरा मात्र तिनं वैरागडे सरांचा केला. जाड भिंगांचा चष्मा, गळ्यात मफलर.

सोव्हिएत संघ कोसळला तेव्हा ती सरांच्या हाताखाली पीएच.डी. करत होती. तिचं म्हणणं साधं होतं. दोन दादा भांडतात तोवर लहानांना भाव असतो. एकच उरला, की लहान काही जन्मभर त्याच्या ओट्यावर बसत नाहीत. दहा घरी सोयरीक जमवतात आणि हळूहळू दादाही अनेक होतात. सरांनी प्रबंध ठेवून घेतला, पुढे पाठवलाच नाही. म्हणाले, "रशिया मेला, तुझा विषय मेला. आता जगात एकच दादा."

शामला कामठीच्या शाळेत नागरिकशास्त्र शिकवून निवृत्त झाली. यंदा सरांचं पुस्तक आलं. त्यात तिचंच म्हणणं होतं, उदाहरणांसकट. तिचं नाव नव्हतं.

तिनं फोन करून सरांना बडग्या पेटवायला बोलावलं. सरांनी एवढंच विचारलं, "माइक असेल ना?"

मिरवणूक मैदानात आली. बडग्याच्या छातीवर पाटी होती, 'आता जगात एकच दादा'. पाठीवर दुसरी, 'आता दादा अनेक'.

"पुढून एक, मागून एक," सौरव हसला. "नेमका कोन होय हा?"

"त्यायलेच विचार गा. येऊन राहिले."

सरांनी पुतळ्याला एक फेरी घातली. पाठीवरची पाटी वाचली. मग तिच्या कानाशी येऊन पुटपुटले, "मागची पाटी काढ, शामला. ते वाक्य तुझं आहे."

"जरा मोठ्यानं सर. माइक चालू आहे."

तिनं माइक त्यांच्या तोंडाशी धरला. गर्दी भाषणाच्या आशेनं गप्प झाली.

"मागचं वाक्य... माझं नाही. या बाईंचं आहे."

लोकांना काही कळलं नाही. तरी टाळ्या पडल्या. शामलानं मागची पाटी सोडवली, घडी करून पर्समध्ये ठेवली आणि पेटता टेंभा सरांच्या हाती दिला.

"आता लावा, सर."