कात्रीबाईंची बदली

हिशेब खात्यात चौदा वर्षं लोकांची प्रवासबिलं कापून तिचं नाव कात्रीबाई पडलं होतं, आणि ते तिला ठाऊकही होतं. तरी पंचेचाळिसाव्या वर्षी तिने एचआरमध्ये बदली मागून घेतली. दीड वर्ष संध्याकाळचा कोर्स केला, परीक्षा दिली. बिलावरून माणूस कळतो असा तिचा पक्का समज होता. समोर बसवला की आणखी कळेल, एवढाच तिचा हिशेब.

एचआरचा मुख्य तिच्याहून बारा वर्षांनी लहान. पहिल्याच दिवशी त्याने गोड आवाजात सांगितलं, "मॅडम, तीन महिने. तेवढ्यात एक माणूस जरी आपल्या पायांनी तुमच्याकडे गाऱ्हाणं नोंदवायला आला, तर तुम्ही इथल्या. नाहीतर परत खाली, हिशेब खात्यात."

खाली तिच्या खुर्चीत तिच्याच हाताखालचा कारकून बसला होता. आता त्याला 'सर' म्हणावं लागलं असतं.

दोन महिने रांग मुख्याच्या टेबलापुढे. तिच्या समोरच्या खुर्चीचा उपयोग रांगेतल्यांना पिशव्या ठेवायला.

"ताई," धाकटी बहीण भांडी विसळत म्हणाली, "जन्मभर लोकांच्या तोंडचा घास काढलास, आता म्हणतेस मन मोकळं करा. कोण करेल गं?"

तिसऱ्या महिन्यात मुख्य रजेवर असताना कंपनीचा ड्रायव्हर आला. नाइलाजाने बसला.

"सुपरवायझर सगळ्यांसमोर आईबहिणीवरून बोलतो."

तिने स्वतः आखलेला फॉर्म पुढे ओढला. "किती वेळा? तारखा? साक्षीदार? पुरावा जोडलाय?"

"बाई, शिव्यांची पावती मिळत नाही," तो म्हणाला आणि उठला. फॉर्मवर त्याचं नावसुद्धा लिहायचं राहिलं. संध्याकाळपर्यंत अख्खं पार्किंग पोट धरून हसत होतं.

मुदतीच्या शेवटच्या दिवशी, चार वाजता, तोच ड्रायव्हर पुन्हा आला. या वेळी ऐटीत बसला.

"लिहा. तक्रार आहे. तुमच्याविरुद्ध."

त्याला मुख्याकडे पाठवता आलं असतं. तिने कोरा कागद घेतला.

"या बाईला माणूस म्हणजे बिल वाटतं. हिच्या पोटात माया नावाला नाही. हिला परत खाली पाठवा."

ती शब्दन् शब्द लिहीत होती. मध्येच थांबली. "पुढे निर्दयी म्हणालात की निर्लज्ज?"

"दोन्ही लिहा."

तिने दोन्ही लिहिले, वाचून दाखवलं, सही घेतली आणि कागद मुख्यापुढे ठेवला. ड्रायव्हर मजा बघायला मागोमाग आलाच.

मुख्याने दोनदा वाचलं. "कुणी पाठवलं तुम्हाला?"

"कोण पाठवणार? माझा मी आलो."

"आणि हे मॅडमनी स्वतः लिहून घेतलं? निर्लज्जसकट?" त्याने कॅलेंडरकडे पाहिलं, मग नाइलाजाने तिच्याकडे. "एक माणूस आला. अट पुरी झाली. राहा इथेच."

ड्रायव्हरने कागदाकडे हात लांबवला. "अहो, मी हिला घालवायला आलो होतो! द्या तो कागद, तक्रार मागे घेतो."

"घ्या की," कात्रीबाई म्हणाल्या. "त्याला वेगळा अर्ज लागतो. माझ्याच टेबलावर मिळतो."