काखेचा नियम

"काखेत घाम येतो का?" डॉक्टरानं विचारलं.

माझी सून तुबा मान खाली घालून बसली होती. तिच्या तळहातांवरून घामाचे थेंब त्याच्या टेबलावर पडत होते. त्यानं आपला कागद तेवढा बाजूला सरकवला.

"हाताले येते," मी म्हटलं. "तुमाले दिसून नाही राहिलं का?"

"आजी, घामाचं इंजेक्शन इथे सरकारी दवाखान्यात फक्त काखेसाठी मिळतं. तळहात नियमात बसत नाहीत."

"आमी मनियार. बांगड्या भरतो. माही सून काय काखेनं बांगड्या भरते?"

नर्स हसली. डॉक्टर नाही हसला. त्यालाही वरून हुकूम लागत असेल.

"मलम लावा," तो म्हणाला, "नाहीतर दुसरं काहीतरी काम बघा."

दुसरं काम. याच्या आईच्या मनगटात काय यानं भरल्या होत्या बांगड्या? बाईचा पंजा दाबून, अंगठा आत मुडपून काच चढवायची, तर भरणारीचा हात कोरडा लागतो. माझी बोटं आता वळत नाहीत. तुबाच्या हातून काच सटकते, फुटते. गिऱ्हाईक दुसरीकडे जातं. आधीच ती सालं अशी, की गावोगाव कपाशीच्या कर्जापायी माणसांनी जीव दिले आणि त्यांच्या बायकांच्या बांगड्या भरण्यापेक्षा फुटतच जास्त होत्या.

अमरावतीहून एसटीनं अचलपूरला परतलो, तर दुकानापुढे पार्बताबाई भाजीवाली बसलेली. पुतणीच्या लग्नासाठी हिरव्या बांगड्या हव्या होत्या.

"चाची, तुमीच भरा ना."

"काहून? सुनेचे हात काय भाड्याचे आहेत?"

तुबानं ओढणीला हात पुसले, पावडर चोळली, पार्बताबाईचा पंजा धरला. दोन फुटल्या. बाकीच्या चढल्या. पार्बताबाई तोंड वाकडं करून बसून राहिली. मी समोर होते ना.

झाल्यावर तिनं पदरानं हात पुसला, पार कोपरापर्यंत. बांगड्या भरल्या की भरणारीला नमस्कार करायचा, ही आमच्याकडची रीत. ती वाकली ती माझ्यापुढे.

"भरल्या तिनं," मी म्हटलं.

"तुमाले केला काय अन् तिले केला काय, एकच."

"एकच आहे तर तिले कर."

पार्बताबाईनं पिशवी उचलली. "येतो चाची," म्हणाली आणि गेली.

तुबा खाली बसून फुटलेली काच वेचत होती. हिरवे तुकडे तिच्या ओल्या तळहातांना चिकटत होते, झटकले तरी पडत नव्हते.