काळोखाची चित्रफीत

सकाळी अकरा वाजता कलानिधीच्या कार्यालयातून निरोप आला: नाटकाच्या अनुदानाचा अर्ज बाद. कारणं दोन. एक, सोबत जोडलेल्या चित्रफितीत काहीही दिसत नाही. दोन, पात्राचं वय आणि कलाकाराचं वय यांचा मेळ बसत नाही.

दोन्ही कारणं खरी होती. चित्रफितीत काही दिसत नव्हतं, कारण नाटक पहिल्यापासून शेवटपर्यंत अंधारात घडत होतं. आणि त्यातल्या एकोणीस वर्षांच्या मुलीचं काम दिग्दर्शिकेची आत्या करत होती. तिचं वय त्र्याहत्तर.

चूक झाली होती ती भलतीच. काळोख मुद्दाम आहे, हे अर्जात कुणी लिहिलंच नव्हतं. मंडळी महिनोन्‌महिने एका बंद गोदामात दिवा न लावता तालीम करत होती. अंधार इतका अंगवळणी पडला होता, की तो कुणाला समजावून सांगावा लागतो हेच कुणाच्या डोक्यात आलं नाही. दादाने तर चित्रीकरणाच्या वेळी कॅमेऱ्याची जागा दोनदा बदलली होती.

"कोन चांगला मिळाला होता," तो आता म्हणाला.

"कशाचा?" दिग्दर्शिकेने विचारलं.

दादा तिचा थोरला भाऊ आणि नाटकाचा प्रकाशयोजनाकार. या नाटकात त्याचं काम फटी बुजवण्याचं. काळं कापड, काळी चिकटपट्टी आणि शिडी एवढा त्याचा संसार.

जमिनीवर सुतळ्या चिकटवायचं काम दिग्दर्शिकेचं. तळपायाला सुतळी लागली की नटाला कळायचं, आपण दारापाशी आहोत की टेबलापाशी. प्रेक्षक नाटकातल्या घरातच खुर्च्या टाकून बसणार. गोष्ट साधी: वीज गेलेली आहे, आणि मुलगी आईला सांगते आहे की ती उद्या घर सोडून जाणार. आईचं काम दिग्दर्शिकाच करत होती. म्हणजे स्वतःच्या आत्याला रोज दोनदा पोटची पोर म्हणून दटावत होती, आणि आत्या ते मन लावून ऐकून घेत होती. घरी तसं ऐकलं असतं तर आणखी काय हवं होतं.

आत्याने चाळीस वर्षं रंगभूमीवर काढली होती. आधी नायिका, मग नायिकेची आई, मग आजी. शेवटच्या नाटकात खाटेवर पडून दोन अंक खोकायचं काम मिळालं. ते संपल्यावर ती घरी आली आणि खिडकीजवळच्या खुर्चीत जी बसली, ती उठेना. एकदा वीज गेलेली असताना ती स्वयंपाकघरातून काहीतरी बोलली आणि दिग्दर्शिकेला वाटलं, शेजारची कॉलेजातली मुलगी आली. आवाजाला वय लागलंच नव्हतं. नाटक त्या आवाजासाठी लिहिलं गेलं. दिवा लावला की ते आत्याचं राहत नव्हतं.

दुपारी दिग्दर्शिका कार्यालयात गेली. अधिकारी माणूस बरा होता. त्याने खुर्ची दिली, पाणी दिलं, आणि सल्लाही दिला.

"थोडा निळा उजेड ठेवा. रात्र वाटते आणि दिसतंही. आणि मुलीच्या कामाला मुलगी घ्या. नवोदितांना संधी दिली की गुण जास्त मिळतात."

"आमच्याकडे आहे ती नवोदितच आहे. अंधारात पहिल्यांदाच काम करतेय."

तो हसला. "ताई, मी तुमच्या बाजूनेच बोलतोय. आम्हाला ते वय टंकनाची चूक वाटलं होतं."

"चूक नाही. फेरविचारासाठी कुठे बोलायचं ते सांगा."

गुरुवारी समितीपुढे दहा मिनिटं मिळतील, असं ठरलं. म्हणणं तोंडी मांडायचं.

घरी आल्यावर आत्याने सगळं ऐकून घेतलं. "घे की एखादी मुलगी," ती म्हणाली. "मी बसेन कोपऱ्यात. खोकेन."

"या नाटकात खोकणारं कुणी नाही."

"मग पैसे कुठून आणशील? दादाची शिडी विकून?"

"शिडी माझी नाहीच," दादा म्हणाला. "गोदामवाल्याची आहे."

गुरुवारी समिती लांब टेबलापलीकडे बसली होती. तिघं जण. मधोमध अध्यक्षबाई. त्यांनी सगळी हयात चित्रपटांच्या संकलनात घालवली होती. दिग्दर्शिका नमस्कार करून वाकली आणि जमिनीवर सुतळी चिकटवायला लागली. आत्या दारापाशी उभी राहिली, दादाने खिडक्यांवर कापड चढवलं. मग तो एअर कंडिशनरच्या हिरव्या ठिपक्याकडे वळला, तिथून पाण्याच्या कूलरच्या लाल दिव्याकडे.

"हे काय चाललंय?" अधिकाऱ्याने विचारलं.

"म्हणणं मांडतेय."

"तोंडी मांडायचं ठरलं होतं."

"तोंडीच आहे. आमच्या नाटकात दुसरं काही नसतंच."

अध्यक्षबाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "मांडू द्या," त्या म्हणाल्या. दादाने दाराखालच्या फटीत कापड कोंबलं आणि दिवे घालवले.

मुलगी आली. वाटेत खुर्चीला अडखळली, चप्पल काढली, आईच्या मागे जाऊन उभी राहिली आणि तिथूनच म्हणाली, की सामान भरून झालंय. आईने भांडं खाली ठेवलं. समितीतल्या एका सदस्याने पाय आत घेतल्याचा आवाज आला. मुलगी त्याच्या अगदी जवळून गेली होती. दिग्दर्शिकेच्या पायाखाली सुतळी एका ठिकाणी सुटली होती. क्षणभर तिला टेबल कुठे आहे तेच कळेना. मुलीने बोलता बोलता तिचं कोपर धरलं आणि तिला दोन पावलं सरकवलं. तालमीत असं कधी झालं नव्हतं.

तेवढ्यात अधिकाऱ्याने दहा मिनिटं झाली का ते पाहायला फोन उघडला. पडद्याचा उजेड त्याच्याच चेहऱ्यावर पडला. सगळ्या खोलीत तेवढं एक तोंड दिसत होतं.

मुलगी थांबली नाही. "आई, हा कोण बसलाय गं आपल्या घरात?"

"वीज खात्यातला असेल," आई म्हणाली. "वीज खरंच गेलीय का ते बघायला आला असेल."

टेबलापलीकडे कुणीतरी मोठ्याने हसलं. तोंड दिसेनासं झालं. मुलीने उरलेलं बोलून घेतलं, दाराची कडी वाजवली आणि ती गेली.

दिवे लागल्यावर पाय आत घेणारा सदस्य दाराकडे बघत होता. आत्या भिंतीला टेकून एका पायात चप्पल घालत होती. तो तिच्याकडे बघून पुन्हा दाराकडे बघायला लागला.

"मला चांगलं वाटलं," अध्यक्षबाई म्हणाल्या. "पण नियमाप्रमाणे प्रयोगाची दृश्य नोंद आमच्याकडे ठेवावी लागते. अंधारात बघणारे कॅमेरे मिळतात. प्रेक्षकांना पत्ताही लागणार नाही. तेवढं मान्य करा, बाकीचं मी बघते."

दादाने बहिणीकडे बघितलं. हो म्हण, असं त्याच्या तोंडावर लिहिलेलं होतं. तिच्याही जिभेवर हो आलं होतं. मग त्या नोंदीत काय दिसेल ते तिच्या डोळ्यांसमोर आलं: हात पुढे करून सुतळी चाचपडत चाललेली एक म्हातारी, करडी, कायमची.

"माझी दृश्य नोंद चाळीस वर्षांची आहे," आत्या चपलेचा पट्टा ओढत म्हणाली. "त्यातली हवी ती घ्या. तरुण असतानाची घ्या. ही नाही."

"कॅमेरा येणार नाही," दिग्दर्शिका म्हणाली. "आवाज घ्या, हवा तितका."

"आणि तेवढ्यावरून बाद झालं तर?" अध्यक्षबाईंनी विचारलं.

"तर बाद. प्रयोग शनिवारी आहे."

प्रयोग शनिवारी आहे हे दादाला त्याच क्षणी कळलं. जिना उतरताना तो म्हणाला, "खुर्च्या कुठून आणायच्या?"

"येणारा आपापली घेऊन येईल."

"अंधारात, हातात खुर्ची घेऊन?"

"आत येईपर्यंत उजेड असेल रे," आत्या म्हणाली. "आणि मला हात दे. उजेडात मला जिने जमत नाहीत."

समितीच्या कामकाजात एवढीच नोंद झाली: दृश्य नोंदीच्या अटीवर मतभेद, निर्णय राखून ठेवला. शुक्रवारी संध्याकाळपर्यंत त्यात बदल नव्हता. गोदामाच्या दारावर प्रयोगाची वेळ खडूने लिहिलेली होती. सात वाजता दिग्दर्शिकेला अधिकाऱ्याचा फोन आला. उद्या एक जागा ठेवा, म्हणाला, खुर्ची मी आणतो. कलानिधीतर्फे येताय का, हे ती विचारणार तोवर त्याने फोन ठेवला होता.