कुंकू लावलेली नळी

आमच्या घरच्या गॅसची तपासणी पूर्वी सोफ्यावर बसून होत असे.

खोटं वाटेल, पण सौदीतल्या हफ्र अल बातिनमधल्या त्या व्हिलात आम्ही राहायला आल्यापासून दरवर्षी हे असंच चाललं होतं. भाडेकरारात स्वच्छ लिहिलं होतं की गॅसची नळी, रेग्युलेटर, शेगडी हे सगळं वर्षातून एकदा तपासून घेणं घरमालकाचं काम. मालक अबू मिशाल ते एका तपासणी कंपनीवर सोपवायचे आणि कंपनी एका वयस्कर इंजिनियरना पाठवायची. माणूस मोठा सात्त्विक. घरात बायामाणसं असली की आत पाऊल टाकायचं नाही, ही त्यांची मर्यादा. आता आमच्या स्वयंपाकघरात माझी बायको विभावरी नाही, असा मुहूर्त कुठून यायचा? तेव्हा ते दिवाणखान्यातच बसत, आल्याचा चहा घेत, नजर खाली ठेवून विचारत, "गॅस तमाम?" म्हणजे सगळं ठीक ना? मी म्हणे, "तमाम." की झाली सही. नळीनं त्यांना कधी पाहिलं नाही, त्यांनी नळीला.

मग सौदीकरणाचं वारं आलं. आमच्या हिशेबखात्यातले दोघे गेले, कोपऱ्यावरच्या मोबाइलच्या दुकानातला गफूर गेला, आणि आमचे ते सोफ्यावरचे इंजिनियरही निरोप घेऊन मायदेशी गेले. त्यांच्या जागी आता कोणी तरुण सौदी इंजिनियर येणार, आणि तो कडक आहे, ही बातमी आणली नसरुद्दीनभाईंनी.

नसरुद्दीनभाई म्हणजे व्हिलाचे राखणदार. जयगडच्या बाजूचे. व्हिला मुळात एका कुटुंबाचा, पण अबू मिशालनी मध्ये भिंती घालून त्याची तीन बिऱ्हाडं केली होती. पहिलं आमचं, मधलं श्रीवर्धनच्या राहील आणि फरहाना ह्या जोडप्याचं, आणि शेवटचं शर्विलचं. हा एकटा जीव. तिन्ही स्वयंपाकघरांची मागची दारं एकाच अंगणात उघडायची आणि त्या अंगणातल्या खोलीत नसरुद्दीनभाई राहायचे. कुणाचा नळ गळो, कुणाचं पोर रडो, हाक त्यांनाच.

"भाऊ, मेलो मी," ते दारातूनच म्हणाले.

"अहो, आधी बसा तरी."

"बसून काय करू? मालक शेखनं सांगितलान, ह्या खेपेला सर्टिफिकेट नाय आला तर गुरुवारी तुझी एक्झिट, कायमचा गावाला. दुसरा राखणदार ठेवतो म्हणतो. माझ्या पोरीचा, आलिमाचा, नर्सिंगचा शेवटचा वरीस हाय, भाऊ. तेवढा एकच काढायचा होता मला."

"पण नळ्या बदलणं त्यांचं काम आहे. तुमची एक्झिट कशाला?"

"मी सांगितला नाय काय? नळ्या कडक झाल्यात, दर खेपेला सांगतो. तेव्हा ही दिलान." त्यांनी पिशवीतून नवीकोरी नळी काढली. पुढे पांढऱ्या टोपीचा रेग्युलेटर.

"आणि बाकीच्या दोन?"

"म्हणतो, कागदावर व्हिला एक. एका व्हिलाला एक नळी."

भाडं मात्र तीन घरांचं! पण ते बोलून उपयोग नव्हता. आम्ही फरहानाला आणि शर्विलला बोलावलं. कंपनीत तो दिवसभर असलेच गुंते सोडवतो. त्यानं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "सिंपल आहे, काका. नळी एक, किचन तीन. इन्स्पेक्टर एका वेळी एकाच किचनमध्ये असणार. तो पुढच्या दारानं निघाला की नळी मागच्या दारानं पुढच्या किचनमध्ये."

"आणि तो भरभर चालला तर?" फरहानानं विचारलं. तिची तान्ही सकिना तिच्या खांद्यावर झोपली होती.

सगळे माझ्याकडे बघायला लागले.

मला कीर्तनाचं वेड आहे, हे व्हिलात सगळ्यांना ठाऊक. लहानपणापासून इतकी कीर्तनं ऐकली, की साधी भाजी आणल्याची हकिकतही माझ्या तोंडून नमनापासून सुरू होते. दर गुरुवारी दार लावून, आवाज घरातल्या घरात ठेवून, मी विभावरीपुढे एखादं आख्यान लावतो. ती पोळ्या लाटता लाटता ऐकते.

"काका, तुम्ही त्याला सोफ्यावर धरून ठेवायचं," शर्विल म्हणाला. "तुम्ही बोलायला लागलात की माणूस उठू शकत नाही. मी स्वतः अनुभव घेतलाय."

ही स्तुती आहे असं मी धरून चाललो.

विभावरी मात्र कपाळाला आठ्या घालून म्हणाली, "अहो, सत्यावर तासभर निरूपण करता आणि आता नळी लपवणार?"

"नसरुद्दीनभाईंच्या पोटाचा प्रश्न आहे."

"तो आहेच हो. म्हणून तर गप्प बसते. पण देवाला काय सांगायचं ते तुम्ही सांगा. मी सांगणार नाही."

तपासणीच्या दिवशी सकाळीच नसरुद्दीनभाईंनी नवी नळी आमच्या शेगडीला बसवली. जुन्या तिन्ही नळ्या काढून त्यांनी पिठाच्या रिकाम्या डब्यात टाकल्या. ते अंगणात वळले आणि विभावरी करंडा घेऊन आली. नवी वस्तू घरात आली की तिला हळदकुंकू लावायचं, हा तिचा नेम. वॉशिंग मशीनला लावलं, माझ्या लॅपटॉपला लावलं, शर्विलच्या गाडीलाही तो नको नको म्हणत असताना लावलं. तिनं रेग्युलेटरच्या पांढऱ्या टोपीवर हळदीचं बोट ओढलं, वर कुंकवाचा ठसठशीत टिळा लावला आणि हात जोडले. मी पाहिलं, मीही हात जोडले. ती टोपी आज तीन घरं फिरणार आहे, हे आम्हा दोघांच्याही डोक्यात आलं नाही.

मी दिवाणखान्यात खजूर मांडले, थर्मासमध्ये गहवा, म्हणजे अरबी कॉफी, भरला आणि आख्यान मनात लावून बसलो. विषय अग्नी. इंग्रजी, हिंदी आणि जमेल तेवढी अरबी अशी तयारी होती. पूर्वरंगच असा लांबवायचा की नळी हफ्रहून पार लाल समुद्राकाठच्या थुवालला जाऊन परत यावी.

बेल वाजली. दार उघडलं तर समोर काळा अबाया, त्यावर कंपनीचं पिवळं जाकीट, हातात टॅब आणि साबणाच्या पाण्याची फवारणीची बाटली. पंचविशीतली मुलगी.

"अस्सलामु अलैकुम. मी मुहंदिसा नौफ, इंजिनियर. गॅस तपासायला आले आहे. स्वयंपाकघर कुठे?"

"प्लीज, आधी बसा... गहवा..."

"कामानंतर. आत बाई आहेत ना? मग काही अडचण नाही." आणि ती माझ्यासमोरून सरळ आत गेली.

बुवा उभे राहिले, हात जोडले, आणि श्रोताच उठून गेला! इतकी वर्षं ज्या मर्यादेनं आमची नळी झाकून ठेवली होती, तीच मर्यादा त्या मुलीसाठी आत जायचा रस्ता झाली. मी खजुराची बशी हातात घेऊन स्वयंपाकघराच्या दारापाशी घुटमळलो.

आत नौफनं नळी वाकवून पाहिली, तारीख वाचली, खूश झाली. मग साबणाचं पाणी फवारलं. गळती असेल तर तिथे बुडबुडे येतात. बुडबुडे आले नाहीत. पण हळदीचा पट्टा बघता बघता लालभडक झाला. हळदीला साबण लागला की असंच होतं. तिला मात्र ते नवीन होतं.

"हे काय?" ती दचकून मागे सरली.

विभावरी खोटं बोलत नाही. "नवी वस्तू आहे. बरकत यावी म्हणून लावलं."

"बरका," नौफ म्हणाली, हसली आणि टॅबवर खूण केली. "छान. पुढचं घर?"

ती पुढच्या दारानं निघाली. मागच्या दारानं नसरुद्दीनभाई घुसले, नळी उपसली आणि अंगणातून पळाले. त्या वयात इतकं पळताना मी त्यांना पाहिलं नव्हतं. मी नौफला दारात गाठून खजूर पुढे केला आणि हवामानावर बोलायला सुरुवात केली. तिनं खजूर घेतला. हवामान घेतलं नाही.

फरहानाच्या स्वयंपाकघरात काय चाललं होतं ते नंतर कळलं. नळी बसवताना तिचं लक्ष टोपीकडे गेलं.

"चाचा, अहो, ह्याला कुंकू हाय! आमच्या घरात कुंकू कुठनं आलं म्हणून सांगू?"

"पूस, पूस लवकर!"

तिनं घाईघाईनं कपड्याच्या साबणाची वडी घासली. पुसायला गेली ती उरलीसुरली हळदही लाल झाली, आणि टिळा पसरून अख्खी टोपी लग्नातल्या नवरीसारखी सजली. तेवढ्यात बेल वाजली. चाचा मागच्या दारानं पसार.

नौफ आत आली, शेगडीखाली वाकली आणि तशीच राहिली.

"हे काय आहे?"

"मसाला," फरहाना म्हणाली. "आमच्यात मच्छीला खूप घालतात."

"रेग्युलेटरला पण?"

फरहानानं उत्तरादाखल सकिनाला उगाचच थोपटलं. ती गाढ झोपेत होती.

नौफनं फवारलं, खूण केली आणि म्हणाली, "पुढचं घर."

शर्विल घरात एकटा, म्हणून विभावरी तिच्याबरोबर गेली. मागोमाग मी, आणि राहवेना म्हणून सकिनाला घेऊन फरहानाही. शर्विलच्या स्वयंपाकघरात ओट्यावर बुटांचे चार जोड, शेगडीवर लॅपटॉपची बॅग, आणि खाली सिलिंडरवर लालभडक टोपी. नसरुद्दीनभाईंना मागच्या दारातून निघायलाही वेळ मिळाला नव्हता. ते धापा टाकत, हातात पक्कड घेऊन, भिंतीला चिकटून उभे होते.

"आणि हे?" नौफनं टोपीकडे बोट केलं.

"डिझाइन आहे," शर्विल म्हणाला.

नौफनं हाताची घडी घातली. "पहिल्या घरी बरकत, दुसऱ्या घरी मसाला, तिसऱ्या घरी डिझाइन. ही नळी माझ्यापेक्षा भरभर चालते. जुन्या नळ्या कुठे आहेत?"

विभावरीनं नसरुद्दीनभाईंकडे पाहिलं आणि हळूच म्हणाली, "भाई, आणा."

पिठाचा डबा आला. नौफनं त्यातली फरहानाची नळी उचलली आणि दोन्ही हातांनी जराशी वाकवली. नळी चर्रकन फाटली. सुक्या बोंबलासारखी.

आम्ही हा सगळा खेळ समजत होतो; इकडे त्या नळीवर रोज दूध तापत होतं, आणि भिंतीपलीकडे सकिनाचा पाळणा होता. फरहानानं पोर घट्ट धरलं. मी मनातल्या मनात विठ्ठलाचे पाय धरले.

नसरुद्दीनभाई पुढे आले. हिंदी-अरबीची मोडतोड करत म्हणाले, "बेटी, गलती माझी. ह्या लोकांची नाय. माझं नाव लिही."

"तुम्ही मालक आहात?"

"नाय, राखणदार."

"भाडं तुम्ही घेता?"

"तौबा!"

"मग तुमचं नाव कशाला लिहू?" आणि तिनं फोन लावला.

श्रोते हो, तो फोन ऐकायला हवा होता! आरंभी सलाम. मग तब्येत कशी, घरचे कसे, मुलं कशी, उंट कसे, पुन्हा तब्येत कशी. हे नमन. मग म्हणाली, शेजारी आणि पाहुणा यांचा हक्क आपल्याकडे केवढा मोठा मानतात, हे तुमच्यासारख्या वडीलधाऱ्यांना मी काय सांगावं. हा पूर्वरंग. आवाज लोण्यासारखा. आणि मग उत्तररंगात शिरून तिनं अशी फेक केली, की "तीन चुली, एक नळी, एक तान्हं बाळ" एवढंच मला कळलं, पण ते तीनदा कळलं. शेवटी म्हणाली, "अर्ध्या तासात नळ्या घेऊन तुम्ही स्वतः या. नाहीतर मी गॅस बंद करते, आणि तिन्ही घरांचं जेवण तुमच्याकडे."

मी आयुष्यभर कीर्तनं ऐकली. बंदिश अशी फार थोड्यांना साधते.

अबू मिशाल आले. स्वतः खोकं उचलून, घामाघूम. दारातच नसरुद्दीनभाईंवर बरसले, "या नसरुद्दीन!" अरबीत 'या' म्हणजे 'अरे'. "मला कधी सांगितलं नाहीस?"

नसरुद्दीनभाईंनी मान खाली घातली. हा माणूस उलट बोलणार नाही, हे मला ठाऊक होतं. आणि मी सकाळपासून आख्यान पोटात घेऊन फिरत होतो.

"सांगितलं, शेख," मी म्हणालो. "रमजानच्या आधी, माझ्या ओट्यासमोर उभे राहून फोनवर सांगितलं. ईदनंतर अंगणात सांगितलं, तेव्हा तुम्ही गाडीची काच वर केलीत. परवा सांगितलं, तेव्हा तुम्ही एक नळी दिलीत. मी तिन्ही वेळा ऐकलंय."

आयुष्यातलं माझं सगळ्यात छोटं निरूपण. शर्विल माझ्याकडे बघतच राहिला.

नौफ म्हणाली, "नवीन नळ्या बसल्या की मी सर्टिफिकेट देते. पण पुढच्या तपासणीपर्यंत दर आठवड्याला तिन्ही घरांत साबणाचं पाणी लावून बघणारा माणूस लागेल. तुम्ही याल, की इथे राहणारा कुणी?"

"नसरुद्दीन आहे ना!" अबू मिशाल ताबडतोब म्हणाले.

"माझी तर एक्झिट हाय, शेख," नसरुद्दीनभाई अदबीनं म्हणाले. "गुरुवारी."

"एक्झिट? कोण म्हणालं एक्झिट?" अबू मिशालनी खोलीभर नजर फिरवली, जणू म्हणणारा कुठेतरी लपला असावा. "रागात बोललेलं कुणी मोजतं का? मुहंदिसा, याला मी कुठेही जाऊ देणार नाही. माझ्या भावासारखा आहे."

"मग तसं लिहून सही करा," नौफ म्हणाली. त्यांनी केली.

काम आमच्या घरापासून सुरू झालं. विभावरी, फरहाना, नौफ आत. नसरुद्दीनभाई पक्कड घेऊन नळी बसवतायत. विभावरीचा हात करंड्याकडे गेला तशी नौफ म्हणाली, "बरका चालेल. पण माझं पाणी मारून झाल्यावर."

अबू मिशाल बाहेर सोफ्यावर टेकले. मी त्यांना गहवा ओतला आणि संधी साधून अग्नीच्या आख्यानाचं नमन सुरू केलं. त्यांनी दोन वाक्यं ऐकली, घाईघाईनं कप खाली ठेवला आणि नजर खाली ठेवून आतल्या दाराकडे हाक दिली, "गॅस तमाम?"

मी सवयीनं तोंड उघडलं होतं. पण आतून नौफ म्हणाली, "स्वतः या आणि बघा, मालक."

विभावरीनं डोक्यावर पदर घेऊन दारातून वाट करून दिली. अबू मिशाल उठले, बिचकत निघाले. उंबरठ्यावर नसरुद्दीनभाई साबणाच्या पाण्याची वाटी घेऊन उभे होते.

"या शेख," ते म्हणाले. "चपला तेवढ्या बाहेर."