सलामाचा अर्थ

आम्हा ख्रिस्ती लोकांत भेटलं की सलाम म्हणतात. हैदराबादच्या पोलीस ॲक्शननंतर तेवढ्याच शब्दावरून बन्सी मास्तरांनी मला निजामाच्या रझाकारांचा माणूस ठरवून पकडून दिलं. गुलमंडीजवळच्या शाळेत बारा वर्षं आम्ही दोघं शिकवत होतो, एकाच डब्यातून जेवत होतो. तीन दिवस कोठडीत काढून रविवारी मी प्रार्थनाघरात मुलांपुढं उभा राहिलो.

छोट्या मार्थानं विचारलं, “गुरुजी, सलाम म्हणू का? आई नको म्हणती.”

“म्हण. ऐनवेळी सोडून पळालेल्या मित्रांना प्रभू पुन्हा भेटला, तेव्हा आधी ‘शांती असो’ म्हणाला. सलामाचा अर्थ तोच.”

“बन्सी मास्तर भेटले तर?”

“त्यांनाही. पण आज तू म्हण, बाळा. माझ्याच्यानं अजून होत नाही. प्रभू शिकवतोय मला.”