आठ महिने नॉर्मल

माझी थोरली बहीण कपडे शिवायची. वीस वर्षांत तिच्या हातून कापड वाया गेलं नव्हतं. मग कात्री निसटायला लागली. आधी कधीतरी, नंतर रोजच.

डॉक्टरांनी नसांची तपासणी सांगितली. मी सोबत गेले होते. हातापायांना पट्ट्या चिकटवून विजेचे झटके दिले, वीस मिनिटांत उरकलं. डॉक्टरांनी उभ्याउभ्याच रिपोर्टवर नजर टाकली.

"नसांमधून करंट व्यवस्थित जातोय. सगळं नॉर्मल आहे. टेन्शन घेऊ नका."

भावोजींना तेवढंच पुरलं. ताईच्या हातून कप फुटला की म्हणायचे, "मशीनला सापडलं नाही ते दुखणं हिला बरं सापडलं!" सासूबाई शेजारणींना सांगायच्या, कामाचा कंटाळा आला की सोंगं सुचतात. ताई आधी भांडायची. पुढे गप्प झाली. एकदा हळूच मला विचारलं, "मी खरंच नाटक करतेय का गं?" माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

आठ महिन्यांनी ती जिन्यात कोसळली. मी तिला दुसऱ्या हॉस्पिटलात नेलं. तिथल्या डॉक्टरबाईंनी झटक्यांची तपासणी पुन्हा केली आणि मग मशीनला जोडलेली बारीक सुई काढली. दंडात टोचली, पोटरीत, पाठीत.

"अंग अगदी सैल सोडा. सैल स्नायूचा मशीनवर आवाज यायला नको."

ताईनं सोडलं. तरी मशीन तडतडत राहिलं, पत्र्यावर वाळू पडावी तसं.

बाईंनी खुर्ची ओढून घेतली. "नसा म्हणजे तारा. झटक्यांनी तारा कळतात. तुमच्या स्नायूंना हुकूम सोडणाऱ्या पेशीच मरताहेत, आणि ते सुरुवातीला सुईनंच कळतं. ही तपासणी तेव्हाच व्हायला हवी होती." आजाराचं नाव सांगितलं, मोटर न्यूरॉन डिसीज. बरा होत नाही, हेही लपवलं नाही.

ताई रडली नाही. दुसऱ्याच दिवशी भावोजींना घेऊन पहिल्या डॉक्टरांकडे गेली. मीही होते. दोन्ही रिपोर्ट तिनं टेबलावर ठेवले.

डॉक्टरांनी ते वाचले, चष्मा पुसला. "तेव्हा कळलं असतं तरी उपाय नव्हताच हो."

"उपाय नव्हता ना, मान्य," ताई म्हणाली. "पण आठ महिने माझ्या घरात मी खोटारडी होते. तुमच्या एका शब्दावर. आता या जुन्या रिपोर्टवर लिहा, सुईची तपासणी केली नव्हती. खाली सही करा."

"त्यानं आता काय होणार?"

"लिहा. मला पेन धरता येत नाही, नाहीतर मीच लिहिलं असतं."

डॉक्टरांनी लिहिलं, सही केली. ताईनं तो कागद भावोजींपुढे सरकवला.

"मोठ्यानं वाचा."

भावोजींनी वाचलं. बाहेर जिन्यापाशी त्यांनी आधाराला हात पुढे केला. ताईनं कठड्यावर हात टेकला, एकेक पायरी उतरली आणि खाली पोचल्यावर म्हणाली, "आता हेच घरी तुमच्या आईंना वाचून दाखवायचं. शेजारणींना बोलावून."