लुझिना गावचा ओढा

प्रतापरावांच्या किल्ल्याशिवाय अमेरिकेतल्या ईडन प्रेरी गावच्या मराठी मंडळींची दिवाळी सुरू होत नसे. मुलं मोठी होऊन पांगली, गुडघे कुरकुरू लागले, तरी ऑक्टोबर आला की गॅरेजमधली गाडी बाहेर आणि दगड, माती, गोणपाट आत. यंदा मात्र त्यांनी जाहीर केलं की रायगड नाही, राजगड नाही, यंदा लुझिना.

लुझिना हे शेजारच्या लुदमिलाबाईंचं गाव. चेक देशाच्या अगदी काठावर, बव्हेरियाच्या जंगलाला टेकलेलं, काचेच्या भट्ट्यांवर मोठं झालेलं. चेक आणि जर्मन तिथे पिढ्यान् पिढ्या एकमेकांना शिव्या देत गुण्यागोविंदानं राहिले. महायुद्ध संपलं तशी जर्मनांची गाठोडी बांधली गेली आणि रिकाम्या घरांत आतल्या मुलखातली चेक कुटुंबं आली. त्यांतच लुदमिलाबाईंचं कुटुंब. ती माणसं जरा रुळतायत तोच कम्युनिस्टांचं राज्य आलं, सीमेवर काटेरी तारा दिसू लागल्या. तारा पुऱ्या व्हायच्या आत एका रात्री आई दोन लेकरांना घेऊन जंगलात शिरली. घरात दिवा जळताना दिसावा म्हणून वडील मागे राहिले. त्यांची पुन्हा भेट झाली नाही; मायलेकरं पुढे अमेरिकेत पोचली.

निघताना वडिलांनी लुदमिलाबाईंच्या कानात सांगितलं होतं की ओढ्याच्या पाण्याबरोबर चालत राहा, ते देशाबाहेर जातं. म्हणून चिमुरडी लुदमिला पुढे, आई आणि मोठा भाऊ मागे. पण भाऊ, कारेल, सगळ्या गोतावळ्यात गोष्ट सांगायचा ती वेगळीच. त्यात वाट दाखवणारा तो आणि ही आपली त्याचं बोट धरून आलेली. बोहेमियाचं, म्हणजे आपल्या मुलखाचं, पाणी आतल्या बाजूला, व्हल्टाव्हा नदीकडेच जातं, हे शाळेतलं पोर सांगेल, तो म्हणे. बाहेर जाणारा ओढा हिनं स्वप्नात पाहिला. फोनवरच्या नकाशात निळी रेघ दिसायची, पण पाणी कुठून कुठे जातं हे ती थोडंच सांगते? नातवंडंसुद्धा आता आजीकडे बघून गोड हसायची, आणि ते हसणं बाईंना फार लागे.

"बाबांचं शेवटचं वाक्य आहे ते," चिवड्याची बशी बाजूला सारून त्या प्रतापरावांना म्हणाल्या होत्या. "आम्ही दोघंही पंच्याऐंशीच्या आसपास. मी खोटी म्हणून मरायचं का?"

जन्मभर मिनेसोटातल्या रस्त्यांचं पावसाचं पाणी मार्गी लावलेले प्रतापराव म्हणाले, माझ्यावर सोडा.

आणि त्यांनी झकास किल्ला केला! उंच डोंगर, माथ्यावर लुझिना, सिंहासनाच्या जागी चर्च, उतारांवर पेरलेले हळीव. फराळाला कारेल आला. त्यानं चहाचं रिकामं भांडं पाण्यानं भरलं आणि गावावर ओतलं. पाणी चारी दिशांना धावलं. कारेल पोट धरून हसला. म्हणाला, छान, आता तर आपला ओढा दोन्ही देशांत जातो. लुदमिलाबाईंनी कोट चढवला आणि करंजी तशीच ठेवून घरी गेल्या.

प्रतापरावांचं तोंड पाहण्यासारखं झालं होतं. त्यांच्या पत्नी मृणालिनीबाईंनी फरशी पुसता पुसता सुनावलं, "अहो, गाव बांधायचं होतं, तुम्ही गड बांधलात. प्रत्येक गाव काय डोंगरावर असतं? आणि तुम्ही वाईचे ना? कृष्णेला विचारायचंत. कोकणचा समुद्र हाकेच्या अंतरावर, आणि ती निघाली बंगालच्या उपसागराला. पाणी बॉर्डर बघून वळतं का?"

दुसऱ्या दिवशी प्रतापरावांनी सगळा डोंगर पाडला. उंचीच्या रेषा दाखवणारा मोठा नकाशा छापून आणला आणि एकेका रेषेप्रमाणे पुठ्ठा कापून थरावर थर चढवले. गाव खाली खाली जात शेवटी वाटीसारख्या खोऱ्याच्या तळाशी बसलं. मग त्यांच्या लक्षात आलं आणि ते गॅरेजात एकटेच मोठ्यानं हसले. पाणी दोन बाजूंना वाटून देणारी डोंगरधार सीमेवर नव्हतीच. ती गावाच्या मागे, चेक देशाच्या आत होती.

लुदमिलाबाईंना आणि कारेलला पुन्हा बोलावलं तेव्हा कारेल नातवंडांसकट आला, गंमत बघायला. त्यानं पहिलाच संशय काढला की उतार तुम्ही हवा तसा दिला असेल. प्रतापरावांनी नकाशा आणि मोजपट्टी त्याच्या हातात दिली. कारेलनं आयुष्यभर शेतात साचलेलं पाणी बाहेर काढून देणारे नळ पुरले होते; उंचीच्या रेषा वाचायला त्याला कुणी शिकवायची गरज नव्हती. तो थर मोजत गेला, नकाशावर बोट फिरवत गेला, आणि शेवटी पुन्हा पहिल्या थरापासून मोजू लागला.

मग त्यानं स्वतः भांडं उचललं. पाणी गावाच्या मागच्या उतारावरून उतरलं, चर्चजवळ क्षणभर साचलं, दोन टेकड्यांमधली फट त्याला सापडली आणि सीमेची लाल सुतळी भिजवून ते बव्हेरियात उतरलं. कारेलनं पुन्हा ओतलं. पुन्हा तिकडेच. तिसऱ्यांदा त्यानं थेंब थेंब पाणी सोडलं, तेही तिकडेच गेलं.

लुदमिलाबाईंच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं आणि त्या ते पुसत नव्हत्या. प्रतापरावांना इतका आनंद झाला होता की आपणच सीमा ओलांडली असं त्यांना वाटत होतं.

फराळाच्या टेबलाशी नातीनं सवयीनं आजोबांना त्या रात्रीची गोष्ट सांगायला सांगितलं. कारेलनं चकली खाली ठेवली.

"मला नाही सांगता यायची," तो म्हणाला. "अंधार होता, मला फक्त हिची पाठ दिसत होती. ती पुढे होती. तिला विचारा."

लुदमिलाबाईंनी खुर्ची पुढे ओढली आणि गोष्ट सांगायला सुरुवात केली.